आधी पुठ्ठ्याला हरवा

वाचकाचं पत्र:

"सर, माझं वय चौतीस. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कोल्हापुरातच केलं, मग पुण्यात एका कंपनीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून परत आले. उद्यमनगरात सासऱ्यांच्या मशीन शॉपच्या माडीवर माझी दोन खोल्यांची लॅब आहे. मेंदूचे सिग्नल डोक्यावरून टिपून बिनतारी पाठवणारी एक पट्टी मी बनवली आहे. आठ चॅनेल, ब्लूटूथ, एका चार्जवर दिवसभर चालते. लक्ष एकवटलं की पंखा सुरू होतो, हे मी आल्यागेल्याला करून दाखवते. पुढे कवटीच्या आत बसणारं बिनतारी इम्प्लांट करायचं मनात आहे. हे सगळं सुरू झालं माझ्या मामांमुळे. त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हातपाय गेले, गेल्या दिवाळीपासून बोलणंही गेलं. डोकं मात्र पूर्ण शाबूत आहे. मामी म्हणतात, 'तुझी पट्टी एकदा लावून तर बघ.' मी अजून लावलेली नाही. एक गुंतवणूकदार पैसे द्यायला तयार आहेत, पण त्यांना पट्टी आधी शाळांना आणि क्लासेसना विकायची आहे, मुलांचं लक्ष मोजायला. सादरीकरणात 'दोन वर्षांत इम्प्लांट' असं लिहा म्हणतात, आणि बेंगळुरूला चला म्हणतात. इकडे सासरे शेड तारण ठेवून पैसे उभे करायला निघालेत. मी काय करू?"
— एक वाचक, कोल्हापूर

ताई,

मामांना पट्टी अजून लावली नाहीत, हे फार बरं केलंत. समोर आपलं माणूस तळमळतंय, हातात आपणच बनवलेलं यंत्र आहे, घरचे आग्रह करतायत, आणि तरी थांबायचं, याला धीर लागतो. माझं सगळं आयुष्य हॉस्पिटलातली ईईजी (मेंदूच्या लहरी टिपणारी) आणि ईसीजी (हृदयाच्या लहरी टिपणारी) यंत्रं बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. त्यामुळे आधी यंत्राचं बोलतो. पैसे, शाळा आणि बेंगळुरू मागाहून.

लक्ष एकवटलं की पंखा सुरू होतो म्हणता. त्या वेळी दातावर दात आवळले जातात का? भुवया आक्रसतात का? डोक्याच्या त्वचेवर मेंदूचा सिग्नल मिळतो तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. जबड्याचा स्नायू जरा ताणला तरी त्याच्या कितीतरी पट मोठा सिग्नल येतो. डोळ्याची उघडझाप तर कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर सरळ डोंगर उभा करते. आणि माणूस लक्ष एकवटायला लागला की अनेकदा नकळत जबडा आवळतो. तुमचा पंखा मेंदूवर न चालता जबड्यावर चालत असण्याची दाट शक्यता आहे. पाहुण्यांसमोर त्यानं काही बिघडत नाही. पण मामांचे स्नायू एकेक करून जातायत, तिथे तो पंखा फिरायचा नाही.

हे तपासणं अवघड नाही. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानं माणसाच्या ईईजीवरचा पहिला लेख १९२९ मध्ये छापला. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लहर उसळते आणि डोळे उघडले की बसते, हे तेव्हापासून माहीत आहे. तुमच्या पट्टीत ती लहर स्वच्छ दिसते का, ते आधी बघा. मग जबडा मुद्दाम आवळून रेकॉर्डिंग घ्या आणि पंखा सुरू करतानाच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवा. तिसरी चाचणी लोक टाळतात, ती चुकवू नका: मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजवर इलेक्ट्रोड लावा आणि सगळं सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालवा. स्पंजनं पंखा सुरू केला, तर तुमचा अल्गोरिदम खालच्या लेथचा आणि वेल्डिंगचा विजेचा गोंगाट वाचतोय. उद्यमनगरात विजेच्या लाइनच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीला तोटा नाही, त्यामुळे ही चाचणी खालचं शॉप चालू असताना एकदा आणि सुट्टीच्या दिवशी एकदा, अशी दोन्ही वेळा करा.

आता मामांच्या खोलीत येऊ. तुमची पट्टी बसलेल्या माणसासाठी बनलीय, मामा दिवसभर उताणे किंवा कुशीवर असतात. डोक्यामागचा इलेक्ट्रोड उशीत रुततो, सरकतो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या जागी त्वचा दुखावते. ज्याला स्वतःहून मान हलवता येत नाही त्याला तिथे जखम व्हायला वेळ लागत नाही. त्यांना बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं यंत्र, लावलं असेल तर त्या मास्कचे पट्टे नेमके तुमच्या पट्टीच्याच जागेवरून जातात. मामी डोक्याला तेल चोळत असतील, आणि तेलाचा थर असला की संपर्काचा रोध कुठल्या कुठे जातो. ओल्या इलेक्ट्रोडला तो १० किलोओहमच्या आत आणायचा तर केस धुवावे लागतात, त्वचा पुसावी लागते, जेल लावावं लागतं, आणि ते वाळलं की पुन्हा. हे रोज कोण करणार? मामीच. माणसाच्या अंगाचं सगळं करून थकलेल्या बाईवर आपण आणखी एक काम टाकतोय, याचा हिशेब तुमच्या डिझाइनमध्ये असला पाहिजे. एक अख्खा दिवस त्या खोलीत नुसतं बसून राहा. लॅपटॉप नेऊ नका. मामी किती वेळा उठतात, कशासाठी उठतात, मामांना काय हवंय ते कळायला किती फेऱ्या होतात, एवढंच वहीत लिहा.

आणि याच आठवड्यात मामांसाठी एक अक्षरफळा करा. पारदर्शक ॲक्रेलिकचा पत्रा उद्यमनगरात हव्या त्या मापात कापून मिळेल, नाहीतर साधा पुठ्ठाही चालेल. वरच्या ओळीत शब्द: पाणी, कफ, कूस बदल, खाज, पंखा, दुखतंय. खाली अक्षरं. या आजारात डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते. मामींनी फळा समोर धरायचा, मामांची नजर ज्या ओळीवर जाईल ती ओळ मोठ्यानं म्हणायची, मामांनी डोळे मिटून 'हो' सांगायचं, मग त्या ओळीतलं अक्षर. इथे आपल्याला एक मोठा फायदा आहे. आपली वर्णमाला मुळातच चौकटीत मांडलेली आहे. क, च, ट, त, प अशा पाच ओळी आणि प्रत्येकीत पाच घरं. कोणत्या ओळीत काय आहे ते मामांना शाळेपासून पाठ आहे. नवीन काही शिकवावं लागत नाही. अक्षर सापडलं की दुसऱ्या पायरीत बाराखडी. बऱ्याचदा मात्रा न लावताच मामींना शब्द कळेल.

तुमच्या यंत्राची खरी स्पर्धा या पुठ्ठ्याशी आहे. कॅलिफोर्नियातल्या मेंदू-इम्प्लांटच्या कंपन्यांशी नाही. फळ्यावर 'कूस बदल' सांगायला मामांना किती वेळ लागतो, किती वेळा चुकतं, ते महिनाभर लिहून ठेवा. मग पट्टीचे आकडे त्याच्या शेजारी मांडा. फारवेल आणि डोंचिन या दोघांनी १९८८ मध्ये मेंदूच्या लहरीवर चालणारा पहिला टंकलेखक दाखवला. सहा बाय सहाची चौकट, ओळी आणि स्तंभ आळीपाळीनं चमकणार, आणि मनातलं अक्षर चमकलं की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मधल्या-मागच्या भागात पी-३०० ही लहर उठणार. त्यांचा वेग मिनिटाला सुमारे २.३ अक्षरं होता. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी कवटीबाहेरून काम करणाऱ्या यंत्राचा वेग अजून बेताचाच आहे. चांगला सराव झालेली मामी आणि फळा यांची जोडी त्याच्यापुढे जाऊ शकते, आणि तसं झालं तर ते मान्य करायचं.

पण पुठ्ठा एका ठिकाणी हमखास हरतो. रात्री दोन वाजता मामी झोपलेल्या असतात. मामांच्या घशात कफ अडकलाय, किंवा पायाला डास चावतोय, आणि हाक मारायला आवाज नाही. फळा भिंतीला टेकवून ठेवलेला आहे, तो धरणारं कुणी जागं नाही. मला वाटतं तुमचं पहिलं यंत्र इथे आहे. अख्खं वाक्य लिहिणारं नको, पंखा लावणारं नको, फक्त हाक मारणारं. मामांनी ठरवलं की मामींच्या उशाशी घंटा वाजली पाहिजे, आणि मामांनी ठरवलं नसेल तेव्हा ती वाजता कामा नये. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. रात्रीत चार-पाच वेळा खोटी वाजणारी घंटा आठवड्याभरात कपाटात जाते.

आणि इथेच, जो जबड्याचा किंवा भुवईचा सिग्नल मघाशी तुमच्या पंख्याचं सोंग करत होता, तोच कामाला येतो. मामांची भुवई अजून हलते का? गालाचा एखादा तंतू? मग तो सिग्नल घ्या. तो मायक्रोव्होल्टच्या हिशेबात मोठा आहे, भरवशाचा आहे, एक इलेक्ट्रोडची जोडी पुरते. यात कमीपणा काही नाही. 'मनानं चालणारं यंत्र' म्हणून वर्तमानपत्रात बातमी येणार नाही, पण मामांना हाक मारता येईल. तीच पट्टी, तेच आठ चॅनेल. उद्या भुवईही थकली तर त्याच पट्टीत मेंदूच्या लहरीकडे सरकायचं, आणि तोवर मामांना पट्टीची आणि पट्टीला मामांची सवय झालेली असेल. सुरुवातीला स्नायू, हळूहळू मेंदू, अशी वाट धरणारं मराठी घरातलं यंत्र मला हवंय. परदेशातली कंपनी पहिल्या सहा बटणांत 'कूस बदल' घालणार नाही. ते तुम्हीच घालू शकता.

बिनतारीपणाबद्दल पत्रात तुम्ही दिवसभराच्या चार्जचं सांगितलंत. त्याहून मोठा गुण सुरक्षिततेचा आहे. पट्टी स्वतःच्या बॅटरीवर आणि सिग्नल हवेतून, म्हणजे मामांचं डोकं आणि घरातली २३० व्होल्टची लाइन यांच्यात तार उरतच नाही. जुन्या घरांतलं अर्थिंग कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हा गुण चार्जर जोडला की त्या क्षणी संपतो. आयईसी ६०६०१ हे वैद्यकीय विद्युत उपकरणांचं मानक शरीराला बाहेरून जोडलेल्या भागातून रुग्णात जाणारा गळती प्रवाह साधारण स्थितीत १०० मायक्रोअँपियरच्या आत मागतं, हृदयाशी थेट संबंध असेल तर १०. बाजारातला स्वस्त मोबाइल चार्जर याची हमी देत नाही. म्हणून 'चार्जिंग करताना घालू नये' अशी सूचना छापून भागायचं नाही. चार्जिंगची खाच पट्टीच्या आतल्या, कपाळाला टेकणाऱ्या बाजूला ठेवा, म्हणजे पिन खुपसलेली असताना पट्टी डोक्यावर बसणारच नाही. ब्लूटूथसाठी आधीच प्रमाणित झालेलं मॉड्यूल वापरा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त असला तरी उपकरणाला डब्ल्यूपीसी या केंद्राच्या बिनतारी विभागाची मान्यता लागते, ते काम सोपं होतं.

इम्प्लांटचं तुमचं स्वप्न मी मोडणार नाही. त्यात खरोखर ताकद आहे. ब्रेनगेट या अमेरिकेतल्या मेंदू-इम्प्लांटच्या चाचणीत मेंदूच्या खोडातल्या पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या एका बाईंनी जवळजवळ पंधरा वर्षांनी यांत्रिक हातानं बाटली उचलून स्वतःच्या मर्जीनं कॉफीचा घोट घेतला. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये त्याच गटानं मनातल्या मनात अक्षर गिरवणाऱ्या माणसाकडून मिनिटाला ९० अक्षरं लिहून घेतली. कुठे २.३ आणि कुठे ९०. कवटीच्या आत जाण्यात अर्थ का आहे, ते या दोन आकड्यांत आहे.

आता त्याची किंमत बघा. तुमची आठ चॅनेलची पट्टी सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी २४ बिट, असं धरलं तर सेकंदाला ४८ हजार बिट पाठवते. २०२१ मध्येच ब्राउन विद्यापीठाच्या गटानं मणक्याच्या दुखापतीनं हातपाय लुळे पडलेल्या दोघांच्या डोक्यावरची केबल काढून बिनतारी यंत्र लावलं, तेव्हा २०० इलेक्ट्रोडसाठी सेकंदाला ४८ मेगाबिट पाठवावे लागले. बरोबर हजारपट. आणि ते प्रक्षेपक यंत्र डोक्याबाहेर होतं. तेच आत बसवायचं तर बॅटरी, चार्जिंगची कॉइल, रेडिओ, प्रोसेसर, सगळ्यांची मिळून उष्णता एवढी थोडी असली पाहिजे की भोवतालचं ऊतक एक-दोन अंशांपलीकडे तापणार नाही. वर शरीरातलं खारं पाणी. बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारीचं सील गेलं की काय होतं ते तुमच्या सासऱ्यांना विचारा. इथे तीच मोटार मेंदूला लागून दहा वर्षं राहणार आहे आणि वर काढायची म्हणजे कवटी उघडायची आहे. त्यासाठी टायटॅनियमची डबी, लेसर वेल्डिंग, हेलियमनं गळती तपासणं, ६७ अंशांच्या मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवून झीज बघणं, हे सगळं आलं. आणि एवढं करूनही शरीर स्वतःचं ते करतंच. न्यूरालिंकनं जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात इम्प्लांट बसवलं, १०२४ इलेक्ट्रोड, केसाहून बारीक ६४ धागे. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. त्यांनी सॉफ्टवेअर बदलून काम चालू ठेवलं, पण त्यांच्यामागे केवढा पैसा आणि केवढी माणसं होती ते लक्षात घ्या. ती कंपनी २०१६ ची आहे.

म्हणून 'दोन वर्षांत इम्प्लांट' हे वाक्य लिहू नका. गुंतवणूकदार कितीही म्हणोत. ते वाक्य मामींसारखी एखादी बाई वाचते आणि त्यावर आशा बांधते.

आशा बांधल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण जगासमोर आहे. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीनं अर्गस-२ नावाचं डोळ्याच्या पडद्यावर बसणारं इम्प्लांट बनवलं. जगभरातल्या साडेतीनशेहून अधिक अंध लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी ती जवळजवळ बुडाली, आणि ज्यांच्या डोळ्यात ते होतं त्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी विचारायला कुणी उरलं नाही. यंत्र शरीरात, कंपनी गायब. मेंदूशी जोडलेलं काहीही विकताना माणसाशी अनेक वर्षांचा करार होतो, कागदावर लिहिलेला असो वा नसो. तुमच्या पट्टीलाही हे लागू आहे. रात्रीची हाक त्या घंटेवर सोपवल्यावर ती बंद पडली तर मामांची अवस्था आजच्यापेक्षा वाईट, कारण मामी तोवर निर्धास्त झोपायला लागलेल्या असतील. तेव्हा बॅटरी उतरली, पट्टी सरकली, ब्लूटूथ तुटलं, की घंटा स्वतःहून वाजली पाहिजे. आणि पट्टीचं सर्किट, सॉफ्टवेअर तिसऱ्या कुणाकडे तरी जमा ठेवा, कंपनी बंद पडली तर ते वापरणाऱ्यांना मिळेल असं करारात लिहून.

शाळांचा प्रस्ताव नाकारा. यात मला दुसरी बाजू दिसत नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या जिन्हुआ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर असेच पट्टे बांधून लक्ष मोजत होते. त्याचा व्हिडिओ पसरला, लोक खवळले आणि तिथल्या शिक्षण विभागाला ते थांबवावं लागलं. दहा वर्षांचं पोर खिडकीबाहेर बघतंय की गणिताचा विचार करतंय, हे कपाळावरचे दोन-तीन इलेक्ट्रोड भरवशानं सांगू शकत नाहीत. जबड्याचं जे मघाशी सांगितलं ते इथेही आहेच. पण आकडा आला की शिक्षक तो मानणार, आई-बाप तो मानणार, आणि पोराला त्यावरून बोलणी बसणार. दहावीच्या वर्षात घराघरात काय ताण असतो ते तुम्ही पाहिलंय. त्यात ही भर घालायला तुम्ही नोकरी सोडली नव्हती. शिवाय वीस शाळांच्या पट्ट्यांची देखभाल करायला लागलात की मामांची घंटा मागे पडली म्हणून समजा.

गुंतवणूकदार मनानं वाईट असतील असं नाही. त्यांना लवकर विक्री दिसायला हवी, तो त्यांचा धंदा आहे. त्यांना स्पष्ट सांगा: पहिलं उत्पादन रुग्णांसाठी हाक मारणारी पट्टी, पैसे टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्पा एका मोजता येणाऱ्या कामाशी बांधलेला. यावर ते राजी असतील तर बोलणी पुढे न्या. सर्किटची सगळी ड्रॉइंग्ज मात्र त्याआधी देऊ नका. आधी तात्पुरता पेटंट अर्ज भरा, त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

आणि शेड तारण ठेवू देऊ नका. सासऱ्यांचा जीव मोठा आहे, पण त्या शेडवर किती घरं चालतात? वैद्यकीय उपकरणाचा पैसा उशिरा येतो आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला. अशा कामाच्या पहिल्या टप्प्यासाठीच बायरॅक या जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान आहे. जास्तीत जास्त ५० लाख, १८ महिन्यांसाठी, आणि त्या बदल्यात कंपनीत हिस्सा मागत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्याचं काम बघतं. अर्ज लिहायच्या आधी त्यांच्याशी बोला. आयआयटी मुंबईतल्या बेटिकलाही भेट द्या, तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसून उपकरणं करतात. सासऱ्यांना मदत करायचीच असेल तर शॉपमधला एखादा चांगला फिटर आठवड्यातून एक दिवस तुम्हाला द्यावा. पट्टीची बकलं, खाचा, साचे यात त्याचा हात तुमच्यापेक्षा चांगला चालेल.

रोजच्या खर्चासाठी हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करा, कॅलिब्रेट करा. अर्ल बॅकन हेही इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९४९ मध्ये त्यांनी मिनियापोलिसला एका गॅरेजमध्ये मेहुण्याबरोबर हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करायला सुरुवात केली. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर. ऑक्टोबर १९५७ मध्ये शहराची वीज गेली, लाइनवर चालणारे पेसमेकर बंद पडण्याचा धोका समोर आला, तेव्हा तिथल्या हृदय-सर्जननं ज्याला हाक मारली तो हा रोज वॉर्डात दिसणारा दुरुस्तीवाला होता. त्यातून बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर झाला, आणि ते गॅरेज म्हणजेच मेडट्रॉनिक, वैद्यकीय उपकरणांची आजची बलाढ्य कंपनी. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या आणि शहरातल्या इतर हॉस्पिटलांच्या न्यूरॉलॉजी विभागांत तुमचा चेहरा ओळखीचा झाला पाहिजे. कोणत्या घरात बोलणं गेलेला रुग्ण आहे हे तिथल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना माहीत असतं.

त्यामुळे बेंगळुरूचं उत्तर आलंच. तिथे मेंदूविकारांचं निमहान्स हॉस्पिटल आहे, आयआयएससी ही विज्ञान संस्था आहे, सुटे भाग लवकर मिळतात, सगळं खरं. पण हायवे एकच आहे, काम निघालं की जाऊन या. पीसीबी कुरियरनं येतो, मामा कुरियरनं जात नाहीत. पहिले पाच-सहा रुग्ण तुमच्यापासून अर्ध्या तासावर असावेत, घंटा बिघडली तर रात्री जाऊन बघता येईल एवढ्या अंतरावर.

बॅकनच्या गोष्टीतली एक गोष्ट उचलायची नाही. त्यांनी यंत्र प्रयोगशाळेत तपासायला नेऊन ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी ते एका लहान मुलाला लावलेलं त्यांना दिसलं. आज तसं करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, ए ते डी असे चार वर्ग. मेंदूला थेट भिडणारं इम्प्लांट डी मध्ये जातं. पट्टी खालच्या वर्गात बसेल, पण कोणत्या, ते आधी ठरवून घ्या, कारण ए आणि बी चा परवाना राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) मिळतो आणि सी, डी साठी थेट सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे जावं लागतं. चाचणीसाठी बनवायलाही वेगळा परवाना असतो. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-मानकाच्या फाइली आजपासूनच ठेवायला लागा, मागाहून त्या जुळवताना जीव जातो.

मामांना पट्टी लावायची ती मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आल्यावर, न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. संमती तुम्ही घ्यायची नाही, तुम्ही भाची आहात. तुमच्या कंपनीत हिस्सा असलेल्या डॉक्टरनंही नाही. आणि संमती मामींची चालणार नाही, मामांचीच हवी. अक्षरफळा आधी करा म्हणालो त्याचं हेही एक कारण आहे. डॉक्टर त्यांना विचारतील, फळ्यावर मामा उत्तर देतील, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा करून पुन्हा विचारला जाईल: 'पट्टी नको ना?' दोन्ही दिवसांची उत्तरं जुळली तरच पुढे जायचं. 'यातून आजार बरा होणार नाही' हे वाक्य त्यांच्यासमोर, त्यांच्याच भाषेत म्हटलं गेलं पाहिजे. मामांनी नको म्हटलं, तर मामींनी त्यांची समजूत घालत बसायचं नाही, हे मामींना आधीच सांगून ठेवा.